न हलणारा भाव

शेअर विकायला जाताना कुणी मिठाई घेऊन जातं का? पण मनोवारा गेली. चमचम आणि काळे जाम, वर लाल रिबिन बांधलेला चांगला दोन किलोंचा खोका. अंगावर आकाशी तांगाइल साडी, जी ती फक्त ईदला आणि लोकांच्या लग्नात बाहेर काढायची. रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली नाही, यावरूनच ओळखा. ढाक्यात गोपीबागेतल्या घरापासून मोतीझीलच्या ब्रोकरच्या ऑफिसापर्यंत ती मनातल्या मनात एकच गोष्ट घोळवत होती: माझ्या इद्रिसचं दुकान झालं.

इद्रिस तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं शारजात इमारतींना परांच्या बांधायचं काम करत होता. गेल्या हिवाळ्यात परांचीवरून खाली आला. जीव वाचला, पाठ गेली. कंपनीनं हिशेब केला, हातात विमानाचं तिकीट ठेवलं आणि खुदा हाफिज म्हटलं. आता तो कायमचा घरी येत होता. गावी, लाक्सामच्या स्टेशनाजवळ, एक हार्डवेअरचं दुकान विकाऊ होतं. कंपनीकडून मिळालेले पाच लाख टका इद्रिसनं तिकडूनच इसारा म्हणून देऊन टाकले होते. उरलेले पंचवीस लाख महिनाअखेरीला द्यायचे. नाही दिले तर इसारा बुडाला आणि दुकान दुसऱ्याचं. पाठ गेलेल्या माणसानं बसून पोट भरावं असा दुसरा धंदा तरी कोणता?

आणि ते पैसे मनोवाराजवळ होते. होते, असं ती समजत होती.

इद्रिस अकरा वर्षं पैसे बायकोकडे नाही, बहिणीकडे पाठवायचा. आई लवकर गेली तेव्हा मनोवारानंच त्याला वाढवलं होतं. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, विधवा, मूलबाळ नाही, हिशेबाला पक्की. भावजय पारुल लाक्सामला सासरच्या जुन्या घरात दोन मुली घेऊन राहायची आणि वर्षातून दोनदा तरी ऐकवायची, "नवरा माझा, पैसे आपांचे. मी आपली भात शिजवणारी." मनोवारा मनावर घ्यायची नाही. घरखर्चाचे पारुलला द्यायची आणि उरलेल्यातून एका सिमेंट कंपनीचे शेअर घेत राहायची. ढाक्यात जिकडे बघावं तिकडे पूल, उड्डाणपूल, मेट्रोचे खांब. सिमेंट लागणार नाही तर काय लागणार? भावही चढत गेला. बाईचं डोकं चालतं असं खुद्द ब्रोकरच्या ऑफिसातला तंजील म्हणायचा.

मग कुठंतरी दूर लढाई पेटली, तेल महागलं, डॉलर महागला आणि बाजार घसरायला लागला. लोक रडकुंडीला आले तेव्हा सरकारी हुकूम निघाला: प्रत्येक शेअरचा एक खालचा भाव ठरला, त्याच्याखाली सौदा होणारच नाही. सगळे त्याला फ्लोअर म्हणायला लागले. मनोवाराच्या सिमेंटचा फ्लोअर ठरला त्रेसष्ट. हुश्श! तिनं त्या दिवशी दोन रकात नमाज जास्त पढली. त्यानंतर गुडघ्यांमुळे तिचं मोतीझीलला जाणं सुटलं. पण गुरुवारी तंजीलला फोन ठरलेला.

"कितीवर आहे रे?"

"त्रेसष्टवर, खाला."

पुढच्या गुरुवारीही त्रेसष्ट. रमजानातही त्रेसष्ट, कुर्बानीच्या ईदलाही त्रेसष्ट. कांदा दुप्पट झाला, साखर गायब झाली, गॅसचं सिलिंडर हातात धरवेना, पण तिचा शेअर जागचा हलला नाही. गल्लीत ती मिरवायची. पारुललासुद्धा फोनवर सुनावलं होतं, "बघ, सगळी दुनिया डुगडुगतेय, पण तुझ्या नवऱ्याचा पैसा कसा खांबासारखा उभा आहे!"

आता काय बोलावं अशा शहाणपणाला!

ब्रोकरच्या ऑफिसात शिरल्यावर ती दारातच थबकली. पूर्वी इथं बसायला खुर्ची मिळायची नाही, लोक एकमेकांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत ओरडायचे, चहावाल्याला आत शिरायला जागा नसायची. आज निम्म्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून ठेवल्या होत्या. पडदा चालू होता. त्याच्यासमोर एकटे किब्रियासाहेब बसले होते, ज्यूट मिलमधून निवृत्त झालेले, तिचे जुने ओळखीचे, पेपरचं शब्दकोडं सोडवत. काचेमागं तंजील कुरमुरे खात होता.

"अस्सलामु अलैकुम, खाला! किती दिवसांनी!" तो उठून उभा राहिला. "आणि हे काय, मिठाई? कुणाचं लग्न?"

"लग्न नाही, दुकान. इद्रिस परवा येतोय. तोंड गोड कर आणि माझे सगळे शेअर विकून टाक."

तंजीलचा हात कुरमुऱ्यांच्या पिशवीतच राहिला. तिच्याकडे बघत त्यानं अगदी साधेपणानं विचारलं,

"कुणाला, खाला?"

"कुणाला म्हणजे? मला काय माहीत कुणाला! जो घेईल त्याला."

तंजीलनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. उजवीकडे विकणारे, डावीकडे घेणारे. उजवीकडे लांबलचक आकडा होता, लाखांनी शेअर रांगेत उभे. डावीकडे काहीच नव्हतं. मनोवारानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. डावीकडे शून्य.

"आज घेणारे नाहीत, तर उद्या येतील," ती म्हणाली.

"वर्षभर आलेले नाहीत, खाला. कधीमधी पाच-पन्नास शेअर जातात. तुमची ऑर्डर लावतो, पण तुमच्यापुढं एवढी सगळी रांग आहे."

"बरं, मग मी नुकसान सोसते. साठला लाव."

"साठला लागत नाही. फ्लोअर त्रेसष्ट आहे ना. खालची ऑर्डर मशीन घेतच नाही."

"अरे, माझा माल आहे! मी म्हटलं तर फुकट देईन!"

"फुकट देता येईल," तंजील मान खाली घालून म्हणाला. "कुणाला तरी बक्षीस म्हणून. पण साठला विकता येणार नाही."

मनोवारा काउंटरची कड धरून उभी राहिली. समोर पडद्यावर तिच्या नावापुढं एकतीस लाखांचा आकडा दिसत होता, स्पष्ट, हिरव्या अक्षरांत. तो खोटा नव्हता. तो खराही नव्हता. असं काही असू शकतं, हे तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"दर गुरुवारी तुला फोन करत होते मी!" तिचा आवाज फाटला. "दर गुरुवारी! तेव्हा तुला तोंड नव्हतं?"

"तुम्ही भाव विचारायचात, खाला. भाव त्रेसष्टच होता."

"आणि मी मूर्खासारखी खूश व्हायचे! भाव हलत नाही म्हणून खूश व्हायचे!"

किब्रियासाहेबांनी पेपर खाली ठेवला. "आपा, बसा आधी. तंजील, पाणी आण. अहो, नाडी हलत नसली तर डॉक्टर म्हणतो का, की तब्येत एकदम स्थिर आहे?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय!"

"चेष्टा कसली? माझेही असेच अडकलेत. टाइल्सच्या कंपनीत. घरात बायको बोलते, त्यापेक्षा इथं येऊन मढ्याशेजारी बसलेलं बरं."

ती बसली. पाणी प्यायली. मग चिडून, ज्याला त्याला जाब विचारावा तसं तिनं विचारलं, की सिमेंट कुणालाच का नको? पूल बांधायचे थांबले की काय? किब्रियासाहेबांनी सांगितलं ते साधं होतं. सिमेंटचा कच्चा माल जहाजानं बाहेरून येतो. तो डॉलर देऊन घ्यावा लागतो. बँकांकडे डॉलर नाहीत. कारखाना एका पाळीवर चालतो आहे, नफा गेला, वीज महागली, कर्जाचं व्याज वाढलं. आणि जे परदेशी साहेब पूर्वी इथले शेअर घ्यायचे, ते टका रोज स्वस्त होतोय म्हटल्यावर कधीच पळाले. अशा कंपनीचा शेअर त्रेसष्टला कोण घेईल? चाळीसला घेईल एखादा. पण चाळीसला विकायची परवानगी नाही.

"पण डॉलर गेले कुठं?" मनोवारा म्हणाली. "एवढी आपली पोरं बाहेर राबतायत. एकट्या लाक्सामची किती आहेत! ते सगळे कमावतात तो पैसा कुठं जातो?"

"तुमचा भाऊ शारजाहून कसा पाठवायचा?"

"हुंडीनं," ती म्हणाली. त्यात लपवण्यासारखं काय होतं? बँक एका दिरहमाला एकोणतीस टका देते, हुंडीवाला एकतीस. इद्रिसनं तिकडं कुणा हशमतभाईच्या हातात दिरहम द्यायचे, संध्याकाळी इकडं मोटारसायकलवरचा माणूस दाराशी येऊन नोटा मोजून द्यायचा. सुरुवातीला इद्रिस बँकेतूनच पाठवायचा, सरकारी पावती नीट जपून ठेवायचा. मनोवारानंच त्याला झापलं होतं, की अरे, तुझा घामाचा पैसा, बँकवाल्यांना कशाला चारतोस?

किब्रियासाहेबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "माझा मुलगा मलेशियात आहे. तोही हुंडीनंच. तंजील, तुझा मेव्हणा रे?"

"कतार," तंजील म्हणाला. "हुंडीच."

"मोटारसायकलवाला टका आणतो, आपा. टका इथलाच असतो, कुणाच्या तरी गोणीतला. दिरहम तिथंच राहतात. ते त्या गोणीवाल्याला मिळतात, आपल्या बँकेत येतच नाहीत."

पंखा फिरत होता. मनोवाराला पहिल्यांदा काही कळलं नाही आणि मग एकदम सगळं कळलं. अकरा वर्षांत तिनं प्रत्येक दिरहमामागं दोन-दोन टका वाचवले होते आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता!

"म्हणजे आपणच?" ती पुटपुटली.

"आपण तिघांनीच देश बुडवला असं नाही हो. मोठे मासे वेगळेच आहेत, ते मालाची खोटी बिलं करून जहाजानं नेतात," किब्रियासाहेब म्हणाले. "पण आपण तिघं त्यात आहोत."

मिठाईचा खोका कुणीच उघडला नाही. तो तिथंच विसरून ती घरी गेली.

विमानतळावर इद्रिस दिसला तेव्हा तिनं ठरवलं होतं, की पहिल्या वाक्यातच सांगून टाकायचं. पण तो कमरेला रुंद पट्टा बांधून, एका बाजूला झुकून, ट्रॉलीच्या आधारानं चालत आला आणि तिला बघून लहानपणासारखं "बुबु!" म्हणाला. झालं! ते वाक्य राहूनच गेलं. गाडीत तो सारखा दुकानाबद्दलच बोलत होता. खिळे पुढं ठेवायचे, रंगाचे डबे मागं, गल्ल्यावर बसायला एक उंच पाठीची खुर्ची करून घ्यायची. "शारजात रात्री झोप लागायची नाही ना, बुबु, तेव्हा मी मनात माल लावत बसायचो." ती खिडकीबाहेर बघत हूं हूं करत राहिली.

पारुल मुलींना घेऊन आधीच गोपीबागेत आली होती. तिनं इलिश मासा तळला होता, शुटकीच्या सुक्या मासळीचं भरीत केलं होतं. इद्रिसनं तिसऱ्यांदा भात घेतला आणि विचारलं, "मग बुबु, पैसे कधी उचलायचे? रविवारी जाऊ या का लाक्सामला?"

"इद्रिस," मनोवारा म्हणाली, "पैसे आहेत. पण मिळत नाहीत."

तिनं सांगितलं. तिला जमेल तसं, अडखळत. पडद्यावर दिसतात पण कुणी घेत नाही, कमी भावात देता येत नाही, रांग आहे. ऐकता ऐकता पारुलच्या हातातला डाव खाली आला.

"दिसतात पण मिळत नाहीत!" पारुल किंचाळली. "अहो, ही कसली भाषा? आपा, सरळ सांगा ना, बुडाले म्हणून! अकरा वर्षं मी फाटक्या साडीत काढली. पोरींना ट्यूशन लावली नाही. का? तर म्हणे पैसा खांबासारखा उभा आहे! घ्या आता तो खांब आणि घाला चुलीत!"

"पारुल, गप," इद्रिस म्हणाला.

"गप का? त्या पैशांच्या विटा घेतल्या असत्या तर घराला एक खोली तरी झाली असती!"

पारुलचा शब्दन्‌शब्द खरा होता. मनोवाराला आत कुठंतरी असं वाटत होतं, की पारुलनं आणखी बोलावं, थांबूच नये. इद्रिसनं हात धुतले, पाटावरून कसाबसा उठला आणि म्हणाला, "मला दाखव."

दुसऱ्या दिवशी ती त्याला मोतीझीलला घेऊन गेली. जिना चढताना तो दर मजल्यावर थांबत होता. तंजीलनं पडदा वळवला. इद्रिसनं आपल्या अकरा वर्षांच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे सरकवत नेलं. मग हसला. असा हसला, की तंजील घाबरून मागं सरकला.

"छान दिसतात, बुबु," तो म्हणाला. "पण मी खरेखुरे दिरहम दिले होते. नोटा दिल्या होत्या. त्या गेल्या कुठं?"

किब्रियासाहेबांनी तिला सांगितलं होतं तेच त्यालाही सांगितलं. दिरहम तिथंच राहतात म्हणून. इद्रिसनं शेवटपर्यंत ऐकलं. तो खुर्चीवर बसला.

"आमच्या साइटवर ढाक्याचे साहेब यायचे," तो म्हणाला. "फ्लॅट बघायला. बायका-मुलांसकट, मोठाल्या गाड्यांतून. आपली बांगला बोलायचे. हशमतभाईच त्यांना फिरवायचा. रोख देतात म्हणायचा, सगळे दिरहम रोख. मी वर परांचीवर असायचो. खालच्या पोरांना सांगायचो, बघा रे, आपली माणसं आहेत. मला केवढं भारी वाटायचं, बुबु!"

मनोवारानं तोंडावर पदर दाबून धरला.

महिना संपला. दुकानवाल्याला इद्रिसनं हात जोडले, मनोवारानं तर पाय धरायचे बाकी ठेवले. त्यानं चहा पाजला, दुःख व्यक्त केलं आणि दुकान चांदपूरच्या एका माणसाला विकलं. इसारा गेला. सिमेंट त्रेसष्टवरच होतं.

इद्रिस काही दिवस लाक्सामला पडून राहिला. मग एका दलालानं मस्कतची नोकरी आणली, गोदामावर रखवालदाराची. उभं राहायचं काम, दिवसाचे बारा तास. मनोवारानं ऐकलं आणि हबकलीच. "या पाठीनं? तुला वेड लागलंय का? मी मरेपर्यंत माझी पेन्शन आहे ना!" तो म्हणाला, "तुझ्या पेन्शनीत पाच माणसं? बुबु, तांदळाचा भाव बघितलास का? तो हलतोय." व्हिसाचे पैसे पारुलनं बायकांना कर्ज देणाऱ्या समितीकडून उचलले. दर मंगळवारी समितीची बाई अंगणात येऊन बसणार, हप्ता घेतल्याशिवाय उठणार नाही. विमानतळावर इद्रिसनं कमरेचा पट्टा शर्टाच्या आत घातला, आपण धडधाकट आहोत असं वाटावं म्हणून.

मनोवारानं मनाशी शपथ घेतली होती. पुन्हा हुंडीचं नाव काढायचं नाही. ही शपथ तिनं किब्रियासाहेबांसमोर बोलूनही दाखवली होती. त्यांनी मान डोलावली होती आणि वर "इन्शाल्ला" म्हणाले होते.

पहिला पगार झाला त्या दिवशी ती लाक्सामलाच होती. इद्रिसचा फोन आला तेव्हा पारुल जवळच तांदूळ निवडत होती आणि समितीची बाई ओट्यावर, छत्री मांडीवर घेऊन, वाट बघत बसली होती. मागचा हप्ता अर्धाच दिला होता.

"बुबु, पैसे हातात आले," इद्रिसचा आवाज थकलेला होता. "इथंही आहे एक जण, हशमतसारखाच. आज दिले तर आजच घरपोच करतो म्हणतोय. बँकेतून गेले तर परवा-तेरवा, आणि एका हप्त्याएवढे कमी मिळतील. तू सांग, कसे पाठवू?"

पारुलनं सूप खाली ठेवलं. ओट्यावरच्या बाईनं मान वळवली. मनोवाराला ते ऑफिस आठवलं, ती उजवीकडची रांग, डावीकडचं शून्य. तिला सगळं माहीत होतं आता. कुठला पैसा कुठं जातो, कुणाच्या फ्लॅटात जातो, कुणाचा कारखाना बंद पडतो आणि कुणाचं दुकान जातं. तिनं बोलायला तोंड उघडलं ते बँकेतून पाठव असं सांगायलाच.

"हुंडीनं पाठव," ती म्हणाली.

"नक्की, बुबु?"

"हो. आजच."

तिकडून फोन बंद झाला तरी तिनं तो कानाला तसाच धरून ठेवला. पारुलनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. समितीच्या बाईनं छत्री बाजूला ठेवली, पाय पसरले आणि म्हणाली, "मग मी थांबते, आपा. घाई नाही."